प्रोसेसर पळवा, पण कॅशला जपून: ओव्हरक्लॉकिंग करताना मी कुठे चुकलो आणि आता काय करतो



गेल्या आठवड्यातल्या व्हिडिओत मी दुकानातल्या एडिटिंग पीसीचं बायोस उघडून दाखवलं. तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "सर, कोअरसोबत कॅशचाही स्पीड वाढवू का? बायोसमध्ये ऑप्शन तर दिसतोय."

ऑप्शन दिसतो म्हणून वापरायचाच, असं मीही एकदा केलं होतं. ते मला महागात पडलं, आणि माझ्यापेक्षा माझ्या गिऱ्हाईकाला जास्त. म्हणून आज सविस्तर लिहितोय. मी बीबीए केलेला माणूस, इंजिनिअर नाही. पण बारा वर्षं कॉम्प्युटरचं दुकान चालवतोय. जे हातानं केलं, मोजलं आणि निस्तरलं, तेच सांगतो.

आधी माझी चूक

आमच्याकडे जळगावात तालुक्याच्या गावाहून एक स्टुडिओवाले दादा येतात. लग्नाचं शूटिंग, अल्बम, व्हिडिओ सगळं तेच करतात. त्यांच्याकडे कोअर आय७-८७००के प्रोसेसरचा पीसी होता. जानेवारीत त्यांनी तो माझ्याकडे आणला. "भाऊ, रेंडरिंगला फार वेळ लागतो. जरा पळव याला."

मी चांगला कूलर बसवला. सगळे कोअर ४.३ वरून ४.८ गिगाहर्ट्झला नेले आणि त्याच झटक्यात कॅशही ४.३ वरून ४.७ ला नेली. अर्धा तास टेस्ट चालवली, पास झाली. पैसे घेतले, पीसी दिला. दादा खूश, मीही खूश.

एप्रिलच्या शेवटी फोन आला. पीसी बंद पडत नव्हता, निळी स्क्रीनही येत नव्हती. पण एका लग्नाची झिप फाइल उघडत नव्हती. त्यांची पद्धत अशी की कॅमेऱ्याचं कार्ड पीसीत उतरवायचं, त्याची झिप करून बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवायची आणि कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाला वापरायचं. कार्ड पुसलेलं होतं. झिपमधल्या हळदीच्या ११ क्लिप गेल्या त्या गेल्याच. मुलीच्या वडिलांसमोर दादांना उभं राहावं लागलं. मी माझे पैसे परत केले, पण हळद काही परत आली नाही.

पीसी दुकानात आणून मी ३० जीबीच्या एकाच फोल्डरची पुन्हा पुन्हा झिप केली आणि प्रत्येक झिप तपासली. साधारण सहात एक झिप खराब निघायची. मग बाकी कशालाही हात न लावता फक्त कॅश ४.३ वर आणली. लागोपाठ वीस झिप केल्या, वीसही चांगल्या निघाल्या. कॅश पुन्हा ४.७ वर नेली, तर चौथीच झिप खराब. चोर सापडला होता, आणि त्याला घरात घेणारा मीच होतो.

कॅश म्हणजे नेमकं काय?

आपल्या दुकानाचं उदाहरण घ्या. काउंटरवर सहा पोरं आहेत. ते म्हणजे सहा कोअर. प्रत्येकाच्या हाताशी एक छोटा ड्रॉवर आहे, रोज लागणाऱ्या वस्तूंचा. ही एल१ आणि एल२ कॅश. काउंटरच्या मागे सगळ्यांना मिळून एक मोठं शेल्फ आहे. ती एल३ कॅश, ८७००के मध्ये १२ एमबी. आणि गल्लीच्या टोकाला गोडाउन आहे, ती रॅम.

ड्रॉवर त्या त्या पोराचा, त्यामुळे तो त्याच्याच वेगानं चालतो. कोअरचा स्पीड वाढवला की एल१ आणि एल२ चा आपोआप वाढतो. मागचं शेल्फ आणि तिथून माल आणायची बोळ मात्र सामायिक. इंटेलच्या या प्रोसेसरमध्ये त्या बोळीला रिंग म्हणतात आणि तिचा स्पीड वेगळा ठरवता येतो. बायोसमध्ये त्याचं नाव बोर्डाप्रमाणे बदलतं. कुठे 'कॅश रेशो', कुठे 'रिंग रेशो', कुठे 'अनकोअर रेशो'. गोष्ट एकच.

आता पोरांना घाई करायला लावली आणि एखादं पोर दमून खाली बसलं, तर ते लगेच दिसतं. कोअर कमी पडला की पीसी बहुतेक वेळा हँग होतो, रीस्टार्ट होतो, निळी स्क्रीन देतो. वाईट, पण कळतं तरी. बोळीतून धावणाऱ्यानं मात्र घाईत चुकीचा डबा आणला, तर काउंटरवरचा पोरगा तोच डबा गिऱ्हाईकाला बांधून देतो. प्रोसेसरमध्ये चुका पकडायची सोय असते, बऱ्याच चुका पकडल्या जाऊन दुरुस्तही होतात. पण हद्दीबाहेर पळवल्यावर सगळ्याच पकडल्या जातील याची खात्री कोणी देत नाही. दादांच्या झिपचं तेच झालं.

फायदा किती? आधी हिशोब करू

प्रोसेसरचा स्पीड म्हणजे साधा गुणाकार: बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ गुणिले रेशो. रेशो ४३ म्हणजे ४.३ गिगाहर्ट्झ, ४७ म्हणजे ४.७. ८७००के चे सगळे कोअर कामाला लागले की कंपनीच्या सेटिंगवर ४.३ ला चालतात. ४.७ ला नेलं तर सुमारे ९ टक्के वाढ. म्हणजे ६० मिनिटांचं रेंडरिंग जास्तीत जास्त ५५ मिनिटांत होईल. रोज चार तास रेंडरिंग असेल तर दिवसाला २० मिनिटं वाचली, महिन्याच्या २५ दिवसांत आठ तास वीस मिनिटं. एक पूर्ण दिवस. धंद्यात ही चीज आहे, मी नाकारत नाही.

आता खर्चाची बाजू. उष्णता स्पीडच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४.३ ला १.२० व्होल्ट लागत होते आणि ४.७ ला १.२८ लागले. गणित केलं तर उष्णता सुमारे २४ टक्के जास्त. स्पीड ९ टक्के, गरमी २४ टक्के. हा सौदा डोळे उघडे ठेवून करायचा.

आणि कॅश? दादांच्या पीसीवर कॅश ४.३ वरून ४.७ ला नेल्यानं तासाभराच्या एक्स्पोर्टमध्ये मिनिटभरही वाचत नव्हतं. काही गेममध्ये आणि रॅमवर फार अवलंबून असलेल्या कामात थोडा जास्त फरक पडतो, पण ऑफिस, टॅली, फोटो, व्हिडिओ या कामांत तो नगण्य. मिनिटभरासाठी मी हळदीच्या ११ क्लिप पणाला लावल्या होत्या.

अजून एक पेच आहे. ८७००के सारख्या प्रोसेसरमध्ये कोअर आणि रिंग दोघांना एकाच लाइनवरून व्होल्टेज मिळतं. त्यामुळे कॅश टिकावी म्हणून व्होल्टेज वाढवलं, तर सहाही कोअर विनाकारण तापतात. आधीच्या हॅसवेल पिढीत रिंगचं व्होल्टेज वेगळं देता यायचं. तुमच्याकडे कोणता प्रोसेसर आहे ते बघा, दुसऱ्याच्या व्हिडिओतले आकडे उचलून भरू नका.

तुमच्या पीसीवर हे करायचंच का?

चार प्रश्न स्वतःला विचारा.

पहिला, हार्डवेअर परवानगी देतं का? इंटेलमध्ये नावापुढे 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचा बोर्ड लागतो. ८७००के ला झेड३७० किंवा झेड३९०. एच३१० किंवा बी३६० बोर्डावर कोअरचा रेशो वाढत नाही, उगाच डोकं लावू नका.

दुसरा, प्रोसेसरच कमी पडतोय का? काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू ३० टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर तुम्हाला ओव्हरक्लॉकिंग नको, एसएसडी हवी. रॅम भरलेली असेल तर रॅम घाला. निम्म्या गिऱ्हाईकांना मी इथूनच परत पाठवतो.

तिसरा, वॉरंटी. ठरलेल्या मर्यादेबाहेर चालवलं तर कंपनीची नेहमीची वॉरंटी त्याला लागू होत नाही. इंटेल पूर्वी यासाठी वेगळे पैसे घेऊन संरक्षण योजना विकायची, तीही २०२१ मध्ये बंद झाली.

चौथा, या पीसीवर काय ठेवलंय? हिशोबाची वही, जीएसटीचा डेटा, लोकांच्या लग्नाच्या आठवणी असतील आणि दुसरीकडे प्रत नसेल, तर बॅकअपची सोय होईपर्यंत हात लावू नका.

तुमचा पीसी एएमडी रायझनचा असेल, तर तिथे एल३ कॅश कोअरच्याच स्पीडनं चालते, वेगळा कॅश रेशो नसतो. तिकडची पद्धत वेगळी आहे, त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करू. खालच्या पायऱ्या इंटेलसाठी आहेत.

आता क्रमानं करू

१. सगळ्या डेटाची प्रत बाहेर काढा, आणि ती प्रत दुसऱ्या पीसीवर उघडून बघा. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बोर्डावर 'क्लिअर सीमॉस' कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा. पीसी चालूच झाला नाही तर तोच परतीचा रस्ता.

२. आधी रॅम तपासा. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा, चारही फेऱ्या होऊ द्या. एकही चूक आली तर तिथेच थांबा. रॅम खराब असताना कोअर आणि कॅशवर संशय घेत बसाल.

३. काहीही न बदलता आजची स्थिती लिहून ठेवा. एचडब्ल्यूइन्फो६४ मध्ये तापमान, व्होल्टेज आणि कॅशचा स्पीड बघा. सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवा. तुमचं रोजचं खरं काम, म्हणजे एक एक्स्पोर्ट किंवा एक रेंडर, घड्याळ लावून करा. खोलीचं तापमानही लिहा.

४. कॅश रेशो 'ऑटो'वर सोडू नका. तिसऱ्या पायरीत जो आकडा दिसला तोच हातानं भरून पक्का करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. पुढे जे काही बिघडेल ते कोअरमुळेच, एवढं आता नक्की झालं.

५. कोअर रेशो एका वेळी एकच वाढवा: ४४, मग ४५. प्रत्येक वेळी सिनेबेंच. अडखळलं तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ नं वाढवा. व्होल्टेज ऑटोवर ठेवू नका, बरेच बोर्ड 'सेफ' म्हणून गरजेपेक्षा जास्त देतात. धंद्याच्या पीसीसाठी मी १.३० व्होल्टच्या वर जात नाही. लोक जातात, पण त्यांचा पीसी सोमवारी सकाळी चालू नाही झाला तर दुकान अडत नाही.

६. लोडवरचं तापमान ८० अंशांच्या आसपास आलं की थांबा. हा प्रोसेसर १०० अंशांना स्वतःच स्पीड कमी करतो, पण ती कडेलोटाची जागा आहे, राहायची नव्हे.

७. जिथपर्यंत टिकलं त्याच्या एक पायरी खाली या. ४.८ टिकला तर ४.७ ठेवा. या १०० मेगाहर्ट्झचा मोह ज्याला आवरतो, त्याला रात्री झोप लागते.

८. आता लांब टेस्ट. प्राइम९५ चा 'स्मॉल एफएफटी' कोअरला पिळतो आणि खूप तापवतो, तापमानावर लक्ष ठेवा. 'ब्लेंड' कॅश आणि रॅम दोघांना कामाला लावतो. ब्लेंड रात्रभर चालू द्या. प्राइम९५ स्वतःचं उत्तर तपासतो, त्यामुळे चूक झाली की सांगतो. माझ्या अर्ध्या तासाच्या टेस्टनं हे कधीच पकडलं नसतं.

आणि कॅश वाढवायचीच असेल तर

कोअर पक्का झाल्यावर, किमान आठवडाभर काम करून झाल्यावरच. कोअरला हात न लावता कॅश रेशो एकानं वाढवा. कोअरपेक्षा कॅश ३०० मेगाहर्ट्झ तरी खाली राहू द्या. म्हणजे कोअर ४.७ ला असेल तर कॅश ४.४ पुरे. आणि कॅशसाठी व्होल्टेज वाढवायचं नाही. आहे त्या व्होल्टेजवर टिकत नसेल तर ती मूळ आकड्यावर परत. वाद घालायचा नाही.

टिकली की नाही हे तीन ठिकाणी बघा.

एक, एचडब्ल्यूइन्फो६४ मध्ये सगळ्यात खाली 'विंडोज हार्डवेअर एरर्स' ही ओळ असते. ती शून्यच हवी. एक म्हणजे एक नव्हे, नापास.

दोन, विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, 'सिस्टिम'मध्ये 'व्हीया-लॉगर' शोधा. क्रमांक १९ म्हणजे हार्डवेअरनं चूक केली आणि ती दुरुस्त झाली. पीसी मस्त चालतोय असं तुम्हाला वाटत असतं आणि आत या नोंदी पडत असतात. दादांच्या पीसीत मार्चपासून पडत होत्या. मी कधी उघडूनच बघितलं नाही.

तीन, माझी झिपची टेस्ट. ३० जीबीचं फोल्डर सेव्हन-झिपनं बांधा आणि त्यातलंच 'टेस्ट' बटण दाबा. असं वीस वेळा. कंटाळवाणं आहे, पण तुमचा पीसी रोज हेच काम करतो.

उन्हाळ्याचा पेपर वेगळा

इंग्रजी व्हिडिओंमध्ये टेस्ट करणाऱ्याच्या खोलीत २२-२४ अंश असतात. आमच्या जळगावात मे महिन्यात बाहेर पारा ४२ च्या पुढे जातो. साधा हिशोब: कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही, फक्त त्यातला फरक सांभाळतो. जानेवारीत खोली २४ अंश आणि प्रोसेसर ८०, म्हणजे फरक ५६. मे महिन्यात खोली ३८ झाली की तोच प्रोसेसर ९४ च्या घरात. आणि गरम चिपला तोच स्पीड टिकवायला जास्त व्होल्टेज लागतं. जानेवारीत काठावर पास झालेलं सेटिंग एप्रिलमध्ये नापास होतं ते यामुळेच.

म्हणून हिवाळ्यात सेटिंग करत असाल तर लोडला ७० अंशांच्या आतच थांबा. एप्रिलच्या सुरुवातीला फिल्टर आणि कूलरवरची धूळ काढून टेस्ट पुन्हा करा. लाइट जाण्या-येण्याचा भाग असेल तर यूपीएस आधी, ओव्हरक्लॉकिंग नंतर.

जास्त व्होल्टेजला हलकं घेऊ नका

"एवढ्यानं काय होतंय?" असं वाटत असेल तर २०२४ आठवा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. कंपनीनंच कारण सांगितलं: जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे आतलं क्लॉकचं सर्किट झिजत होतं. ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरमध्ये त्यासाठी मायक्रोकोड आले, या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ओव्हरक्लॉक न केलेल्या पीसींवरही हे घडत होतं. झालेली झीज अपडेटनं भरून येत नाही. तुमच्याकडे त्या पिढीचा प्रोसेसर असेल तर आधी बायोस अपडेट करा, आणि खरं सांगू? त्याला आहे तसाच राहू द्या.

दादांच्या पीसीचं पुढे काय झालं?

कोअर ४.७, कॅश मूळ ४.३, व्होल्टेज १.२८. त्यानंतरचे दोन्ही उन्हाळे गेले, व्हीया-लॉगरची एकही नोंद नाही. तासाच्या रेंडरला पाचेक मिनिटं वाचतात. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय: तारीख, रेशो, व्होल्टेज, खोलीचं तापमान, शेवटची टेस्ट. आता दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक ओव्हरक्लॉक पीसीत तो असतो. आणि दादा आता झिप तपासल्याशिवाय, दुसरी प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसत नाहीत. ही सवय तर ओव्हरक्लॉक न करणाऱ्यांनीही आजपासून लावून घ्या.

गिऱ्हाईक आपल्याकडे गिगाहर्ट्झ मागायला येत नाही. त्याला काम वेळेत आणि धड व्हायला हवं असतं. वेळेतचे पैसे घेताना धडची जबाबदारीही आपलीच असते, हे मला ११ क्लिपनी शिकवलं.

पुढच्या व्हिडिओत याच पायऱ्या स्क्रीनवर करून दाखवतो. तोपर्यंत एकच काम करा: इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि तुमच्या पीसीत व्हीया-लॉगर काय म्हणतोय ते बघा. भेटू!